‘काहीच नाही’ नावाची बाटली

ताईच्या हातांबद्दल मी त्या मीटिंगमध्ये जे बोललो, ते इंग्रजीत बोललो. मराठीत माझ्या तोंडून ते निघालंच नसतं, अशी मी पुढे बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. तसं काही नाही. स्वतःची कातडी वाचवायची असली की माणूस येईल त्या भाषेत बोलतो.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. सिडनीच्या पश्चिमेकडच्या एका युनिमध्ये, म्हणजे विद्यापीठात, मी काम करतो, तिथेच ती शेवाळ वाढवायची. ती वसईची, ख्रिश्चन, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. भारतात बरीच वर्षं डहाणूकडच्या एका कोळंबीच्या हॅचरीत होती. कोळंबीची पिल्लं जन्मल्यावर पहिले काही दिवस डोळ्यांना न दिसणारं शेवाळ खाऊन जगतात, आणि ते शेवाळ जिवंत ठेवायचं काम हिच्याकडे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आली, मुलं मोठी झाली, आणि पन्नाशीला टेकल्यावर तिला आमच्या प्रोजेक्टवर टेक्निशियनची कॉन्ट्रॅक्टची नोकरी लागली. इंटरव्ह्यूच्या दिवशी तिला शेडमधल्या टाक्या दाखवल्या, तेव्हा एका टाकीपाशी वाकून तिने वास घेतला आणि म्हणाली, ही उद्या मरणार. दुसऱ्या दिवशी त्या टाकीतलं हिरवं पाणी पांढरं पडलं. आमचा प्रोफेसर ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. माणूस ऑस्ट्रेलियन, उंच, भला, पण घाईचा.

प्रोजेक्ट असा होता: काही जातींचं शेवाळ स्वतःच्या पोटात तेल साठवतं. त्या तेलात थेट डिझेलमध्ये असतात तशी हायड्रोकार्बन्स निघाली, तर त्यातून इंधन करता येईल. ताई शेवाळ वाढवायची, वाळवायची आणि हेक्झेन नावाच्या द्रवात बुडवून त्यातलं तेल काढायची. तो द्रव बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या बाटल्यांत भरून माझ्याकडे यायचा. पुढे माझं काम.

माझं काम म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. त्याच्याबद्दल मी इतका बोलतो की घरी मला कोणी तो विषय काढू देत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. बाटलीतला थेंबभर नमुना आधी एका लांबलचक, केसासारख्या नळीतून तापवत नेला जातो. त्यातले पदार्थ हलक्यापासून जडापर्यंत एकामागून एक बाहेर पडतात. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे मशीन तुकडे करतं आणि त्या तुकड्यांचं वजन सांगतं. त्या वजनांवरून मी ओळखायचं, हा कोण. स्क्रीनवर प्रत्येक पदार्थाचा एक सुळका दिसतो. वीस वर्षं मी हे सुळके वाचतोय आणि त्याचा मला माज होता. आमच्या लॅबमध्ये मशीनला हात लावायचा तर मला विचारून, असा अलिखित नियम होता आणि तो मीच केलेला होता.

आता माझी एक खोड सांगायला हवी. या बाटल्यांच्या झाकणाला मध्ये रबराची चकती असते. मशीनची सुई ती भोसकून नमुना घेते. एकदा भोसकलेलं झाकण टाकून द्यायचं आणि नवं लावायचं, नाहीतर हेक्झेन उडून जातं. मी शिकलो पुण्याच्या एका कॉलेजात. तिथे नवी झाकणं सरांच्या कपाटात कुलपात असायची. मागायला गेलं की सर चष्म्यावरून बघायचे. मग आम्ही मुलं काय करायचो, तर बाटलीच्या तोंडावर लॅबमध्ये असते ती ताणली जाणारी मेणाची पातळ फिल्म बसवायची आणि वरून तेच जुनं झाकण आवळायचं. काम भागायचं. इथे सिडनीत माझ्या टेबलाच्या खणात नव्या झाकणांची पाकिटंच्या पाकिटं पडलेली असतात. पण भोक पडलेलं, एरवी धडधाकट झाकण कचऱ्यात टाकायला माझा हात धजायचा नाही. पहिल्या दिवशी मी नमुना अंदाजापुरता, अर्धवट तापवूनच चालवायचो आणि जड पदार्थांपर्यंतचं पूर्ण मोजमाप दुसऱ्या दिवशी घ्यायचो; मधल्या रात्रीसाठी तसंच करायचो. फिल्म, वर जुनं झाकण, फ्रीजमध्ये. इथल्या मुलांना माझी ही काटकसर दिसायची. ती हसायची आणि मला त्यात मोठा अभिमान वाटायचा. जित्याची खोड, दुसरं काय.

एप्रिलमध्ये स्क्रीनवर पहिल्यांदा तो कंगवा दिसला.

कंगवा हे मी ठेवलेलं नाव. एकाच्या शेजारी एक, सारख्या अंतरावर उभे असलेले सुळके, मधले उंच, कडेचे ठेंगणे. हायड्रोकार्बन्स, भरपूर, जड आणि सरळसोट. प्रोफेसरने स्क्रीनवर बोट ठेवून शीळ घातली. ताईला शेडमधून बोलावून आणलं. तिने ओल्या एप्रनला हात पुसले आणि विचारलं, ‘‘हे सगळं माझ्या पोरांनी केलं?’’ शेवाळाला ती पोरं म्हणायची. सगळे खूश होते.

मी मात्र एक गोष्ट पाहिली होती. शेवाळ स्वतः हायड्रोकार्बन बनवतं तेव्हा त्यात कार्बनची संख्या बहुतेक विषम असते. पंधरा, सतरा, सत्तावीस, एकोणतीस. जिवंत पेशीची कामाची रीतच तशी आहे. जमिनीखालून निघालेल्या पेट्रोलियमला आणि त्यापासून केलेल्या मेणाला अशी आवडनिवड नसते, तिथे सम आणि विषम सारखेच. आमच्या कंगव्यात सम दातही होते, विषमांच्या खांद्याला खांदा लावून. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही मी याच गोष्टीवरून झापलं असतं. पण प्रोफेसरची शीळ कानात होती. मी मनाशी म्हटलं, नवी जात आहे, टाकीत नायट्रोजन कमी ठेवलाय, उपाशी शेवाळ काहीही करू शकतं. आणि तुलनेसाठी शेवाळाशिवायचं कोरं हेक्झेनही मी दर वेळी चालवत होतो, ते स्वच्छ येत होतं. मग माझ्याकडून काय चूक असणार?

कोरं हेक्झेन मी दर वेळी ताजं भरायचो, नव्या झाकणाचं. रात्रभर ते कधी फ्रीजमध्ये राहायचं नाही. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

जूनमध्ये मेलबर्नच्या एका लॅबने आमचंच वाळवलेलं शेवाळ घेतलं, स्वतः तेल काढलं, स्वतः चालवलं. त्यांच्याकडे कंगवा नाही. थोडे विषम सुळके, तेही बुटके. तोवर प्रोफेसरने कंपन्यांच्या माणसांपुढे आमचा कंगवा दोनदा दाखवला होता. त्याने तातडीची मीटिंग घेतली. टेबलाभोवती आम्ही सात जण. तो म्हणाला, पावडर स्वच्छ आहे, म्हणजे घाण तेल काढताना येतेय किंवा मशीनवर. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘एनी आयडियाज, मेट?’’

तेल काढायचं काम ताईचं, मशीन माझं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या हिवाळ्यात ताईच्या हातांचं फार वाईट झालं होतं. टाक्या ब्लीचने धुवायच्या, समुद्री मिठाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात, वर जूनची थंडी. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडलेल्या. शेडमधल्या तिच्या खुर्चीखाली पेट्रोलियम जेलीची मोठी डबी असायची. जेवणाच्या सुट्टीत ती हातांना जेली चोळत बसायची आणि आम्ही गप्पा मारायचो. हातमोजे घातल्याशिवाय ती बाटलीला शिवत नसे, हेही मी रोज पाहत होतो.

मी म्हणालो की हा पॅटर्न पेट्रोलियमचा वाटतो. मग म्हणालो की ताई हातांना पेट्रोलियम जेली लावते. मी फक्त एक शक्यता सांगतोय, असंही म्हणालो. आणि मशीन तर स्वच्छच आहे, कोऱ्या हेक्झेनमध्ये काही येत नाही, हे सांगायला विसरलो नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या आईने मला शेकडो वेळा ऐकवली असेल. त्या दिवशी तीही आठवली नाही.

ताईने नाकारलं नाही. ‘‘येस, आय यूज इट,’’ ती म्हणाली. ‘‘बट ऑलवेज ग्लोव्ह्ज.’’ मग सगळ्यांकडे एकेक करून बघत ती सॉरी म्हणाली. तिने टेबलावरचे हात मांडीवर घेतले. एक पोरगी तिच्या हातांकडे बघत होती, ते मला दिसलं. प्रोफेसर म्हणाला, नो ड्रामा, चूक शोधायची आहे, माणूस नाही. पण दोन्ही सापडल्यासारखा त्याचा चेहरा सैल झाला होता.

परतीची आमची ट्रेन एकच. ती पेंडल हिलला उतरायची, मी पुढे वेस्टमीडला. त्या दिवशी मी दुसऱ्या डब्यात बसायच्या विचारात होतो, पण तिने मला गाठलंच. शेजारी बसली आणि म्हणाली, ‘‘अरे, बरं झालं तू सांगितलंस. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं ना, तर फार लागलं असतं. तू आपला माणूस, तू बघून-समजूनच बोलणार.’’ मी म्हणालो, ‘‘ताई, शक्यता आहे फक्त.’’ ती म्हणाली, ‘‘नाही रे, तुझं मशीन खोटं कशाला बोलेल?’’

दुसऱ्या दिवशी डबी गायब. हातमोजे एकावर एक दोन. चिरा वाढल्या, आतून मोज्याला रक्त लागायचं. तरी कंगवा जाईना, कारण तो तिच्याकडून येतच नव्हता. मग तिने आयुष्यातली एकेक गोष्ट काढून टाकायला सुरुवात केली. केसांना तेल लावणं बंद केलं. हँडक्रीम, लिपस्टिक बंद. लॅबचा कोट घरच्या कपड्यांत धुवायची नाही, वेगळा धुवायची. सकाळी नवऱ्याच्या डब्यासाठी मासे तळायची, ते बंद केलं, तेलाची वाफ कपड्यांत बसत असेल म्हणून. हे सगळं ती मला ट्रेनमध्ये सांगायची, डॉक्टरला सांगावं तसं. मी ऐकायचो. एकदा तर मी म्हणालोसुद्धा, ‘‘साबण कुठला वापरतेस?’’

तिचं कॉन्ट्रॅक्ट ऑगस्टअखेर संपणार होतं. एप्रिलमध्ये ते दोन वर्षांनी वाढणार हे ठरल्यातच जमा होतं. आता कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. ती मात्र रोज बोलायची. ‘‘घरी बसायचं मला जमणार नाही रे. एवढी वर्षं मी हेच केलंय, मला दुसरं येतं काय?’’

ऑगस्टच्या मध्यावर एका सकाळी ती माझ्या टेबलापाशी आली. हातात स्टँड, त्यात पाच बाटल्या. स्वच्छ कापूस हेक्झेनमध्ये बुडवून तिने एकेक गोष्ट पुसून आणली होती. प्रत्येक बाटलीवर मराठीत चिठ्ठी, तिच्या गोल अक्षरात: हात. केस. पर्स. डबा. पाचवीवर लिहिलं होतं, काहीच नाही.

‘‘ही कसली?’’ मी विचारलं.

‘‘नुसतं हेक्झेन. चिमट्याने धरून भरलंय, मी शिवलेसुद्धा नाही. बाकीच्या चारांत कंगवा आला आणि ह्यात नाही आला, तर माझंच आहे म्हणून समजेन. मग मी स्वतःच जाते, मला कोणी काढायला नको.’’

मी पाचही बाटल्या लगेच, पूर्ण तापवून चालवल्या. पाचही स्वच्छ. ‘हात’मध्ये स्क्वालीनचा एक सुळका, तो प्रत्येक माणसाच्या कातडीत असतो, त्यात गुन्हा काही नाही. कंगवा कुठेच नव्हता. आता मला आनंद व्हायला हवा होता. मी चिडलो. काहीतरी हुकलं असेल म्हणून पुन्हा चालवायचं ठरवलं आणि सवयीने पाची बाटल्यांवर फिल्म बसवली, वरून जुनी झाकणं आवळली आणि फ्रीजमध्ये ठेवून घरी गेलो.

सकाळी पुन्हा चालवल्या. हात, केस, पर्स, डबा, चारांत कंगवा. मग पाचवी बाटली चालली. ‘काहीच नाही’मध्ये सगळ्यांत सुरेख कंगवा होता. सम, विषम, सगळे दात.

ते समजायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. हेक्झेनची वाफ रात्रभर मेणाच्या फिल्मला लागते, मेण त्यात विरघळतं आणि थेंबाथेंबाने बाटलीत उतरतं. मेण म्हणजे पेट्रोलियमचंच लेकरू. तरी खात्री म्हणून मी कोऱ्या हेक्झेनच्या दोन बाटल्या भरल्या, एकीला नवं झाकण, दुसरीला माझी पुणेरी युक्ती. दुपारपर्यंत थांबून चालवल्या. पहिली स्वच्छ. दुसरीत कंगव्याचे कोवळे दात दिसायला लागले होते.

दोन महिने ज्याला शेवाळाचं इंधन म्हणून सगळे नाचले आणि नंतर ज्याच्यापायी एका बाईने केसांचं तेलसुद्धा सोडलं, तो माझ्या काटकसरीचा कचरा होता.

चारच्या सुमाराला ताई आली. दारातूनच म्हणाली, ‘‘आलं का काही?’’

तिला सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. त्या वेळी माझी जागा कायम करायचा अर्ज वर गेला होता आणि प्रोफेसरची शिफारस त्यावर व्हायची होती, हे एक कारण. दुसरं कारण त्याहून हलकं आहे. ज्या मशीनच्या जोरावर मी सगळ्यांवर डाफरत आलो, त्याच मशीनवर पोरासोरांसारखी चूक केली, हे मला तोंडाने म्हणवेना.

मी म्हणालो, ‘‘नक्की काही सांगता येत नाही गं. थोडं थोडं सगळ्यांतच आहे.’’

‘‘काहीच नाहीमध्ये पण?’’

‘‘ती बाटली फुटली.’’

तिने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, ‘‘मीच मेली वेंधळी. काच बघून घ्यायला हवी होती.’’

फुटलेली म्हणून सांगितलेली बाटली माझ्या मागे स्टँडमध्ये उभी होती. ती गेल्यावर मी त्यातलं हेक्झेन टाकाऊ द्रवाच्या कॅनमध्ये ओतलं आणि चिठ्ठी नखाने खरवडून काढली.

त्याच आठवड्यात प्रोफेसरने खबरदारी म्हणून तेल काढायचं काम ताईकडून काढून एका विद्यार्थिनीला दिलं. आणि त्याच आठवड्यापासून मी फिल्म वापरणं बंद केलं, नवी झाकणं लावायला लागलो. साहजिकच कंगवा गेला. सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले. ताईनेही केले. गुरुवारी प्रोफेसर माझ्या दारात उभा राहून म्हणाला, माणूस म्हणून ती फार चांगली आहे, पण तिला ठेवावं का? तू सांग. मी म्हणालो, ‘‘युअर कॉल, मेट.’’

घरी बायकोला सांगितलं. ती हॉस्पिटलात पॅथॉलॉजीत काम करते, नमुना बिघडणं म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागत नाही. ती पोळी लाटायची थांबली. ‘‘म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. उद्या जाऊन सांग.’’ मी सांगतो म्हणालो. पुढचे काही दिवस ती रोज विचारायची, सांगितलंस का? मग विचारेनाशी झाली. तिने विचारणं बंद केलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

ताईच्या शेवटच्या दिवशी चहापाणी झालं. तिने घरी ओव्हनमध्ये केळी वाळवून वसईसारखी सुकेळी करून आणली होती. सगळ्यांनी उचलून खाल्ली, पण ती पोरगी, मीटिंगमध्ये हातांकडे बघणारी, तिने पेपर नॅपकिनने उचलली. ताईने ते पाहिलं. निघताना तिने शेडमध्ये जाऊन प्रत्येक टाकीला हात लावला आणि तिच्या जागी आलेल्या नव्या माणसाला सांगितलं, चार नंबरला जरा जास्त हवा लागते.

कॉन्ट्रॅक्ट संपून अडीच महिने झाल्यावर, माझी जागा कायम झाल्याचं पत्र आल्यावर, मी प्रोफेसरला सांगितलं. म्हणजे ईमेल लिहिला. त्यात असं लिहिलं की जुन्या नमुन्यांचा पुन्हा अभ्यास करताना झाकणाखालची फिल्म हा स्रोत असल्याचं आढळलं. फिल्म कोणी लावली होती याबद्दल त्या ईमेलमध्ये अवाक्षर नव्हतं, जणू ती स्वतःच चालत जाऊन बाटलीवर बसली होती. मला वाटलं होतं तो उखडेल. त्याचं उत्तर दहा मिनिटांत आलं: ग्रेट कॅच. पुढच्या मीटिंगमध्ये त्याने माझं कौतुक केलं. असा प्रामाणिकपणा विज्ञानात दुर्मीळ असतो म्हणाला. मी नवीन विद्यार्थ्यांना नमुने स्वच्छ कसे ठेवावेत यावर तासभराचं ट्रेनिंग द्यायला लागलो. अजूनही देतो. ताईला कोणीतरी कळवायला हवं, हे त्या खोलीत कोणाच्या मनात आलं नाही. माझ्या मनात आलं आणि मी ते तिथेच ठेवलं.

पुढच्या वर्षी जुलैत बायको एकदा कामावरून आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘तुझी ताई आमच्याकडे लागलीय. ऑपरेशनची हत्यारं धुऊन निर्जंतुक करतात, त्या विभागात. आज लिफ्टमध्ये भेटली. तुझी चौकशी करत होती, तब्येत कशी आहे म्हणून.’’ एवढंच बोलली आणि कपडे बदलायला गेली.

त्या रविवारी मी पेंडल हिलला गेलो. स्टेशनजवळच्या दुकानातून मिठाई घ्यावी की नाही यात दहा मिनिटं घालवली आणि शेवटी रिकाम्या हाताने गेलो. ताई चर्चमधून नुकतीच आली होती. मला बघून तिला इतका आनंद झाला की मला दारातूनच परत फिरावंसं वाटलं. स्वयंपाकघरात बसवलं, चहा टाकला. नवरा कामासाठी ब्रिस्बेनला गेलेला होता. हॉस्पिटलातलं काम कसं आहे विचारलं तर म्हणाली, ‘‘बरं आहे. दिवसभर स्टीलच्या वस्तू. स्टील मरत नाही आणि वाढतही नाही. बरं आहे.’’

मी चहाचा कप हातात घेतला आणि सांगून टाकलं. फिल्म, झाकणं, मेण, सगळं. ‘‘ताई, तुझ्या हातांमुळे नव्हतं. माझ्यामुळे होतं. माझ्या चुकीमुळे तुझी नोकरी गेली.’’ हे शेवटचं वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो. ते म्हटल्यावर मला हलकं वाटलं. खरं सांगतो, हलकं वाटलं.

ती उभीच होती. तिने गॅस बंद केला, ओट्याला टेकली. ‘‘माझ्यामुळे नव्हतं?’’ तिने विचारलं. मी नाही म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग ती खुर्चीवर बसली आणि रडली.

रडून झाल्यावर तोंड धुऊन आली आणि सांगायला लागली. ‘‘तुला माहीत नाही. डिसेंबरात मला फोन आला होता. टास्मानियाला शिंपल्यांची हॅचरी आहे, त्यांना शेवाळ वाढवणारं माणूस हवं होतं. कोणीतरी माझं नाव सांगितलं असणार. राहायला घर देत होते. नवरा म्हणाला, जा तू, मी येतो मागून. मी तीन दिवस विचार केला आणि नाही म्हणून कळवलं. म्हटलं, एकांचं काम बिघडवलं तेवढं पुरे. माझ्या हातालाच काहीतरी आहे, तर दुसऱ्यांच्या टाक्यांत कशाला घालू?’’ ती स्वतःच्या हातांकडे बघून हसली. हात आता बरे होते, चिरा भरल्या होत्या. ‘‘जागा भरली असेल आता. जाऊ दे. पण तुला कधी कळलं रे हे?’’

डिसेंबर. मी मनात महिने मोजले. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. सगळं सांगायला म्हणून मी तिथे गेलो होतो.

‘‘परवाच,’’ मी म्हणालो. ‘‘जुने नमुने पुन्हा चालवत होतो. परवा सापडलं.’’

ती उठली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग फोन घेऊन नवऱ्याला लावला, स्पीकरवर टाकला आणि हसत-रडत त्याला सगळं सांगितलं. ‘‘अरे, माझं काही नव्हतं! त्यालाच परवा कळलं, आणि रविवार बघून पहिला इथे धावत आला बघ. दुसरा असता तर गप्प बसला असता. कोण सांगतं रे असं स्वतःहून?’’

फोनमधून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. घसा खाकरून, अगदी मनापासून, त्याने मला थँक यू म्हटलं. ताई माझ्याकडे बघत होती. मी फोनच्या जरा जवळ झुकलो आणि म्हणालो, नो वरीज.